फोर्कलिफ्टची लिफ्ट चेन का झिजते, का तुटते : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोर्कलिफ्टचा टायर गुळगुळीत झाला की कुणालाही दिसतं. हायड्रॉलिक ऑइल गळायला लागलं की जमिनीवर डाग पडतो. फोर्क, म्हणजे माल उचलणारे पुढचे दोन दांडे, वर ओढणारी लिफ्ट चेन मात्र गुपचूप झिजते, आणि ती झीज लपवायची सोय यंत्रातच दिलेली आहे : चेनचं टोक ज्याला बांधलेलं असतं त्या अँकर बोल्टचा नट. खालच्या उत्तरांमध्ये हा नट पुन्हा पुन्हा येईल. दुरुस्तीच्या कामात पाहिलेल्या बहुतेक खराब चेनच्या गोष्टीत तो कुठे ना कुठे होताच.

लिफ्ट चेन मोटारसायकलच्या चेनपेक्षा वेगळी कशी?

मोटारसायकलच्या चेनमध्ये रोलर असतात, ते स्प्रॉकेटच्या दात्यांत बसतात आणि चाक फिरवतात. लिफ्ट चेनला फिरवायचं काही नसतं, फक्त ओढायचं असतं. म्हणून तिच्यात रोलर नाहीत, बुश नाहीत. एकमेकींना चिकटून बसवलेल्या पोलादी प्लेटांच्या ओळी आणि त्यांच्यातून आरपार गेलेल्या पिना, एवढंच. तिला लीफ चेन म्हणतात. ती दात्यांवरून नाही, तर गुळगुळीत पुलीवरून जाते.

बाहेरच्या प्लेटा पिनेवर दाबून घट्ट बसवलेल्या असतात. मधल्या प्लेटा पिनेभोवती वळतात. मुख्य झीज होते ती या वळणाऱ्या जागी, आणि ती जागा बाहेरून दिसत नाही.

चेनवर नेमका किती भार येतो?

मास्ट म्हणजे फोर्क ज्यावरून वर-खाली होतात तो गाडीच्या पुढचा उभा सांगाडा. साध्या दोन टप्प्यांच्या मास्टमध्ये चेनचं एक टोक स्थिर भागाला बांधलेलं असतं, दुसरं कॅरेजला, म्हणजे फोर्क ज्याला अडकवलेले असतात त्या चौकटीला. मधली पुली सिलिंडरबरोबर वर जाते. त्यामुळे पिस्टन एक मीटर वर गेला की फोर्क दोन मीटर वर जातात. विहिरीवरच्या रहाटासारखंच, फक्त इथे चाक स्वतः वर सरकतं.

माल, फोर्क आणि कॅरेज यांचं सगळं वजन शेजारी-शेजारी बसवलेल्या अशा दोन चेन मिळून पेलतात. ३ टनांच्या गाडीवर पूर्ण भार असेल तर प्रत्येक चेनवर दीड टनापेक्षा जास्त ओढ येते. चेन साधारणपणे कामाच्या भाराच्या पाचपट ताकदीची निवडतात. हा पाचपटीचा आकडा ऐकून बरेच जण निर्धास्त होतात. पण तो नव्या, सरळ, तेल दिलेल्या आणि झटका न बसलेल्या चेनचा आहे. झीज, गंज आणि झटके हे तिघं मिळून याच शिल्लकीतून खात असतात.

चेन "ताणते" म्हणजे लोखंड लांब होतं का?

नाही. बोलताना आपण चेन ताणली म्हणतो, पण प्लेट रबरासारखी लांबत नाही. पिन आणि प्लेटचं भोक एकमेकांवर घासतात, पिन एका बाजूने खाल्ली जाते, भोक लांबट होतं. प्रत्येक सांध्यात थोडी मोकळीक येते आणि शेकडो सांध्यांची मोकळीक मिळून चेन लांब दिसते.

लागोपाठच्या दोन पिनांमधल्या अंतराला पिच म्हणतात. पाऊण इंची, म्हणजे १९.०५ मिमी पिचच्या चेनमध्ये ३ टक्के वाढ म्हणजे एका सांध्याला जेमतेम ०.५७ मिमी. साधारण नखाच्या जाडीएवढी. एवढीशी झीज डोळ्याने कशी दिसणार? म्हणूनच "चेन बघितली, चांगली वाटली" या शेऱ्याला मी फारसा अर्थ देत नाही. वही उघडून त्यात मिलिमीटरमध्ये आकडा आहे का, ते बघतो.

चेन खरोखर ताणली जाते ती फार मोठा ओव्हरलोड किंवा जबर झटका बसल्यावर. तेव्हा भोकं ओढली जातात, पिना वाकतात. अशी चेन मोजत बसायची नाही, काढून टाकायची.

फोर्क जमिनीला घासायला लागले होते. फिटरने अँकर नट आवळून फोर्क वर घेतले. आता ठीक आहे ना?

फोर्क ठीक दिसताहेत. चेन होती तशीच आहे.

एका गोडाऊनमधली गाडी आठवते. तक्रार अशी होती की फोर्क रिकाम्या पॅलेटखाली जाताना फरशी खरवडतात. आधीच्या वर्षभरात नट तीनदा आवळला गेला होता आणि तिन्ही वेळा जॉब कार्डवर "चेन ॲडजस्ट केली, गाडी ओके" असं लिहिलं होतं. चौथ्या वेळी आवळायला आटेच उरले नव्हते, म्हणून आम्हाला बोलावलं. मोजली तर चेन मर्यादेच्या बरीच पुढे गेलेली. तीनदा मिळालेली सूचना तीनदा पुसून टाकली गेली होती. त्यात फिटरची चूक म्हणावी, तर त्याच्या हातात पाना दिला होता, गेज कुणी दिलाच नव्हता.

नट कशासाठी आहे? चेन नवी बसवताना फोर्कची उंची जुळवायला, दोन्ही चेनची ओढ सारखी करायला आणि सुरुवातीची किरकोळ सैल काढायला. झीज भरून काढायला नाही. झिजलेल्या सांध्यात पोलाद कमी झालेलं असतं, ते नट फिरवून परत येत नाही.

म्हणून नियम साधा ठेवावा : पाना लावण्याआधी मोजायचं. मोजमाप मर्यादेत असेल तरच आवळायचं आणि किती आवळलं, आटे किती शिल्लक आहेत, हे वहीत लिहायचं. आवळून झाल्यावर चेकनट (नट सैल होऊ नये म्हणून त्यावर बसवलेला दुसरा नट) आणि स्प्लिट पिन (टोकं फाकवून बसवायची तारेची पिन) परत बसली का, हे स्वतः बघायचं. स्प्लिट पिनेच्या जागी खिळा किंवा वेल्डिंग रॉडचा तुकडा दिसला तर गाडी तिथेच उभी करावी.

फोर्क खाली यायचं आणखी एक कारण आहे, जे हमखास विसरलं जातं. टायर झिजले की अख्खी गाडीच खाली बसते आणि तिच्याबरोबर मास्टही. चेन मोजली आणि ती चांगली निघाली, तर टायरकडे बघा. नट मुकाट आवळू नका. चेन गरजेपेक्षा जास्त आखूड केली तर पूर्ण उंचीवर पिस्टनचा स्ट्रोक संपण्याआधीच कॅरेज स्टॉपरला जाऊन भिडू शकते, आणि मग सिलिंडरचा सगळा जोर चेनवर येतो.

झीज मोजायची कशी?

चेन वेअर गेज मिळतो, तो वापरलात तर उत्तम. नसेल तर चांगली स्टीलची पट्टी आणि शांतपणे काढलेली दहा मिनिटं पुरतात.

फोर्क रिकामे ठेवून थोडे वर घ्या, म्हणजे चेन ओढीत राहील. इंजिन बंद, किल्ली खिशात, हँडब्रेक लावलेला. मोजमाप मास्टच्या समोरून किंवा बाजूने घ्यायचं. मास्टच्या पट्ट्यांमधून हात आत घालायचा नाही, आणि कॅरेजखाली तर नाहीच नाही. एका पिनेच्या मध्यापासून २१ व्या पिनेच्या मध्यापर्यंत मोजा. हे झाले २० पिच.

अर्धा इंचापेक्षा थोडी मोठी, म्हणजे १५.८७५ मिमी पिचची चेन नवी असताना २० पिचला ३१७.५ मिमी भरते. ३२७ मिमी झाली की ३ टक्के पूर्ण. १९.०५ मिमी पिचला नवी ३८१ आणि बाद ३९२.४. एक इंची, म्हणजे २५.४ मिमी पिचला नवी ५०८ आणि बाद ५२३.२. हे आकडे खडूने शेडच्या भिंतीवर लिहून ठेवले तरी चालेल.

पण कुठे मोजता याला जास्त महत्त्व आहे. अँकरजवळचा तुकडा पुलीवरून कधी जातच नाही. तो वळत नाही, म्हणून झिजत नाही. तिथे मोजून "चेन नवीसारखी आहे" असा शेरा मारणारे लोक मी पाहिले आहेत. झीज बघायची ती रोजच्या कामात पुलीवरून ये-जा करणाऱ्या भागात. जिथे दिवसभर फक्त ट्रकच्या फाळक्याइतकीच उचल होते, तिथे फोर्क खाली असताना पुलीच्या लगत, कॅरेजच्या बाजूला येणारा छोटासा तुकडाच हजारो वेळा वळतो आणि बाकीची चेन जवळजवळ बसून असते. मग सगळी झीज त्या हातभर तुकड्यात गोळा होते. अख्ख्या चेनची सरासरी काढली तर ती सुरेख येईल. पण तुटायची झाली तर चेन त्या तुकड्यातच तुटणार.

याचा एक फायदाही करून घेता येतो. पिच किती आहे याची खात्री नसेल तर अँकरजवळचे, कधी न वळलेले २० पिच मोजा आणि कामाच्या भागातले २० पिच मोजा. पहिला आकडा म्हणजे जवळपास नवी चेन. दोहोंतला फरक म्हणजे झीज.

बाद करायची मर्यादा ३ टक्केच का?

लीफ चेनसाठी ही मर्यादा जगभर मानली जाते. काही उत्पादक त्याहून कडक, २ टक्क्यांची मर्यादा सांगतात. गाडीच्या मॅन्युअलमध्ये जो आकडा असेल तो पाळावा. पिनेचा बाहेरचा थर उष्णता देऊन कडक केलेला असतो. तो शाबूत असेपर्यंत झीज सावकाश होते. तो खाल्ला गेला की आतलं मऊ पोलाद घासलं जायला लागतं आणि वेग एकदम वाढतो. पहिले २ टक्के व्हायला चार वर्षं लागली, म्हणून तिसरा टक्का व्हायलाही दोन वर्षं लागतील, असा हिशोब इथे चालत नाही.

दोनपैकी एकच चेन खराब झाली आहे. एकच बदलली तर चालेल?

नाही. नवी चेन आखूड असते, जुनी लांब. नट फिरवून उंची जुळवली तरी दोघींचा स्वभाव जुळत नाही. भार एकीवर जास्त जातो आणि कॅरेज मास्टमध्ये तिरकी चालते. जोडी बदलायची, आणि अँकरच्या पिनाही त्याच वेळी बदलायच्या. चेनच्या मानाने त्या अगदी स्वस्त असतात, तरी वाचवल्या जातात.

उलट, एकच चेन जास्त का झिजली, याचा शोध घ्या. बहुतेकदा एक पुली जाम झालेली असते, किंवा माल रोज फोर्कच्या एकाच बाजूला ठेवला जातो, किंवा दोन चेनची ओढ कधी सारखी केलेलीच नसते. ओढ बघायला दोन्ही चेन एकाच उंचीवर अंगठ्याने दाबून बघा. फरक लगेच जाणवतो.

ऑइल लावायचं की ग्रीस?

ऑइल.

आपल्याकडे चेनला ग्रीस थापायची सवय मोठी आहे. पिवळ्या किंवा काळ्या ग्रीसने माखलेली चेन बघून मालकाला मेंटेनन्स झाल्याचं समाधान मिळतं. पण घर्षण आत आहे, पिन आणि प्लेटच्या मध्ये, आणि ग्रीस तिथपर्यंत पोचत नाही. ते बाहेर बसून धूळ, सिमेंट, फाउंड्रीची वाळू, पुठ्ठ्याचा भुगा असं सगळं गोळा करतं आणि त्याचा पॉलिश पेपरसारखा लगदा होतो. त्या थराखाली चिरा पडल्या, पिना फिरल्या, तरी कुणाला दिसत नाही.

एसएई ३० किंवा ४० चं साधं स्वच्छ ऑइल आपल्या हवेत चालतं. थंड जागी त्याहून पातळ घ्यावं. महत्त्वाचं हे की ऑइल देताना चेन ओढीत नसावी. ओढीत असताना पिन आणि भोकाची भार घेणारी बाजू घट्ट चिकटलेली असते, तिथे ऑइल शिरत नाही. फोर्क लाकडी ठोकळ्यावर टेकवा, चेन किंचित ढिली होऊ द्या, इंजिन बंद करा आणि ब्रशने प्लेटांच्या फटींत ऑइल सोडा. थोड्या वेळाने बाहेरचं ओघळलेलं फडक्याने पुसून घ्या. ऑइल आतल्या सांध्यात हवं. बाहेरून अंगावर हलकासा थर राहिला की गंजापासून बचाव होतो, तेवढं पुरे.

सांध्यांतून विटकरी, लालसर भुकटी किंवा तसलं पाणी बाहेर येताना दिसलं तर आतलं ऑइल केव्हाच संपलं आहे. झिजलेल्या पोलादाचा तो गंज आहे.

इंजिनातलं काढलेलं जळकं ऑइल वापरलं तर?

फुकट मिळतं म्हणून सर्रास वापरतात. त्यात काजळी असते, धातूचे बारीक कण असतात. हेच कण सांध्यात घालायचे असतील तर ऑइल न दिलेलं काय वाईट, असं म्हणायची वेळ येते. चेनला लागतं पावशेरभर ऑइल. तिथे काटकसर नको.

आणि गंज काढायचा स्प्रे?

जाम सांधा मोकळा करायला ठीक. पण तो वंगण नाही, लवकर उडून जातो. त्यानंतर ऑइल द्यावंच लागतं.

चेन धुवायची कशी?

रॉकेल किंवा तसलंच सॉल्व्हंट, ब्रश आणि फडकं. सुकली की लगेच ऑइल. स्टीम वॉशर, कॉस्टिक सोड्याचं पाणी, गंज काढायचं ॲसिड यांच्या जवळही नेऊ नका. ॲसिडमुळे कडक पोलादात हायड्रोजन शिरतो आणि प्लेट काचेसारखी ठिसूळ होते. धुतलेली चेन चकचकीत दिसते आणि एक दिवस भाराखाली कट्कन मोडते. गंजू नये म्हणून चेनवर झिंक प्लेटिंग करून आणण्याची कल्पनाही याच कारणासाठी घातक आहे. रंग मारू नये. गाडीला नवा रंग देताना चेनवर स्प्रे गनचा फवारा मारतात, तो चिरा झाकतो आणि सांधे आखडवतो.

चेन तुटण्याआधी काही सूचना देते का?

बहुतेक वेळा देते. फक्त स्वच्छ चेनवर, चांगल्या उजेडात आणि सावकाश बघितलं तर.

सर्वांत आधी प्लेटांच्या चिरा बघा. वारंवार भार येऊन-जाऊन पडलेली थकव्याची चीर भोकापासून निघून प्लेटच्या कडेकडे जाते, ओढीच्या दिशेला आडवी. एका प्लेटला अशी चीर दिसली तर बाकीच्याही तेवढ्याच थकलेल्या असतात, आज त्यांची चीर दिसत नसली तरी. दुसऱ्या प्रकारची चीर कमानीसारखी वाकडी, एका भोकाकडून दुसऱ्या भोकाकडे गेलेली असते. तिच्याबद्दल पुढच्या प्रश्नात.

मग पिनांची डोकी. पिना बाहेरच्या प्लेटांत घट्ट बसवलेल्या असतात, त्या फिरता कामा नयेत. एखादी फिरली असेल किंवा बाहेर आली असेल तर त्या सांध्यात ऑइल नव्हतं आणि मधली प्लेट पिनेला धरून वळली, किंवा फार मोठा भार आला. नवी चेन बसवताना पिनांच्या डोक्यांवरून मार्करने एक सरळ रेष ओढून ठेवली तर पुढे कुठली पिन फिरली ते एका नजरेत कळतं. बाहेर आलेली पिन हातोडीने आत ठोकणं म्हणजे पुन्हा त्या नटासारखीच गोष्ट. ती जागी दिसेल, पण पकड गेलेलीच.

आखडलेला सांधाही बघा. पुली ओलांडल्यावर तो सरळ होत नाही, कोन तसाच राहतो. आणि आवाज ऐका. उचलताना टक्-टक् असा आवाज येत असेल, फोर्क झटक्या-झटक्याने वर जात असतील, तर कारण सापडेपर्यंत ती गाडी कामाला लावू नका.

चेनला वरवर गंज आहे. ब्रशने घासून ऑइल लावलं तर चालेल?

हलका, भुकटीसारखा गंज पुसून खाली गुळगुळीत पोलाद लागलं, तर ऑइल द्या आणि लक्ष ठेवा. खड्डे पडले असतील तर चेन बदला. प्रत्येक खड्डा म्हणजे पुढच्या चिरेची सुरुवात.

गंजाचा एक प्रकार मात्र लोकांना खरा वाटत नाही. बाहेरच्या प्लेटा पिनेवर दाबून बसवलेल्या असल्यामुळे भोकाभोवतीचं पोलाद कायम ताणात असतं, चेनवर काही भार नसला तरी. अशा ताणलेल्या पोलादाला दमट, खारी किंवा ॲसिडची हवा लागली की वर सांगितलेल्या कमानीसारख्या चिरा पडतात. गाडी उभी असली तरी पडतात. एवढंच काय, शेल्फवर ठेवलेल्या नव्या कोऱ्या स्पेअर चेनलाही पडू शकतात. म्हणून उरणच्या बंदर भागात किंवा रत्नागिरीच्या मासळी धंद्यात स्पेअर चेन उघडी टांगून ठेवू नका. ऑइलमध्ये भिजवून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून, कोरड्या जागी ठेवा. बॅटरीवरच्या गाड्या चार्जिंगला लावतो तिथे सल्फ्युरिक ॲसिडचा अंश हवेत असतो, हेही लक्षात असू द्या.

ऑपरेटरच्या चालवण्याचा चेनवर किती परिणाम होतो?

खूप. झीज ऑइलच्या अभावी होते, पण मोडतोड झटक्यांनी होते.

भरलेले फोर्क वेगाने खाली सोडून लिव्हर एकदम बंद केला की चेनवर क्षणभर मालाच्या वजनापेक्षा बराच जास्त ओढा येतो. माल वर धरून खड्ड्यातून किंवा डॉक प्लेटच्या, म्हणजे धक्का आणि ट्रक यांच्यामध्ये टाकलेल्या पत्र्याच्या, कडेवरून गाडी नेली तरी तेच. जमिनीला चिकटलेला किंवा शेजारच्या मालात अडकलेला पॅलेट हिसका मारून उपटणं हा तिसरा प्रकार.

पण सर्वांत वाईट म्हणजे ढिली चेन. रॅकमधून पॅलेट काढताना तो बीमवर थोडा अडकलेला असतो. ऑपरेटर फोर्क खाली घेतो, सिलिंडर खाली येतो, माल मात्र बीमवर टेकून तिथेच राहतो. चेन ढिली पडते, तिची झोळी होते. ऑपरेटरची नजर पॅलेटवर असते, चेनकडे नसते. मग गाडी इंचभर मागे घेतली की माल बीमवरून सुटतो आणि चेन जितकी ढिली झाली होती तितकं अंतर धाडकन खाली पडतो. हा झटका जुन्या चेनला तोडू शकतो आणि नव्या चेनला अशी दुखापत करू शकतो जी दोन महिन्यांनी उघडकीस येते. चेन ढिली दिसली की गाडी मागे-पुढे अजिबात न हलवता आधी फोर्क वर घ्यायचे, चेन ताठ होईपर्यंत. ऑपरेटरच्या ट्रेनिंगमध्ये एकच गोष्ट शिकवायला वेळ असेल तर मी ही शिकवीन.

थोडासा ओव्हरलोड चालतो, गाडी मागून उचलली जात नाही तोपर्यंत. बरोबर?

मागची चाकं उचलली जाणं ही गाडीने दिलेली सूचना आहे. आपल्याकडे त्या सूचनेवर उपाय म्हणून दोन-तीन माणसं गाडीच्या मागच्या जड भागावर, काउंटरवेटवर, उभी करतात, किंवा मागे लोखंडी वजन बांधतात. माणसं पडून चिरडण्याचा धोका आहेच. शिवाय मागे वजन वाढवून गाडी उलटत नाही, पण चेन जाड होत नाही, मास्ट जाड होत नाही. जास्तीचा सगळा माल त्याच दोन चेनवर लटकतो.

चेन तुटली तरी हायड्रॉलिकचा सेफ्टी व्हॉल्व्ह फोर्क धरून ठेवेल ना?

नाही. हा गैरसमज शिकलेल्या सुपरवायझरांमध्येही आहे. तो व्हॉल्व्ह होज (ऑइलची नळी) फुटला तर सिलिंडरमधलं ऑइल एकदम बाहेर पडू देत नाही, म्हणजे पिस्टनला धरतो. फोर्क मात्र पिस्टनला नाही, चेनला टांगलेले आहेत. चेन तुटली तर पिस्टन वर तसाच उभा राहतो आणि कॅरेज मोकळी होते. एकच चेन तुटली तर सगळा भार झटक्याने दुसरीवर जातो. ती टिकेल की नाही, याचा अंदाज बांधत खाली उभं राहू नये. वर केलेल्या फोर्कखालून, रिकामे असले तरी, कुणी जायचं नाही ते याचसाठी.

पुलीकडे काय बघायचं?

ती फिरते का, हे. बेअरिंग जाम झालं की चेन पुलीवरून वळण्याऐवजी घसरत जाते आणि प्लेटांच्या कडा घासल्या जातात. प्लेटची उंची मूळ उंचीच्या ५ टक्क्यांनी कमी झाली की चेन बाद, लांबी कितीही चांगली असली तरी. अँकरजवळची न घासलेली प्लेट व्हर्निअरने मोजून फरक काढता येतो. पुलीच्या कडा चेनच्या बाजूला खात असतील, पिनांची डोकी एका बाजूने चपटी होत असतील, तर मास्ट, पुली किंवा अँकर ओळीत नाही. नवी चेन घालून हा दोष जाणार नाही.

तुटलेली लिंक काढून जोड लिंक टाकली, किंवा वेल्डिंग केलं तर?

वेल्डिंगच्या उष्णतेने आसपासच्या प्लेटांचा कडकपणा जातो, तेव्हा तो विषयच नको. एक लिंक बदलण्यालाही अर्थ नाही. जी तुटली ती सगळ्यांत कमजोर होती, एवढंच सिद्ध झालं. पिनेच्या जागी बोल्ट घालून "आजचा दिवस काढू" म्हणणारे भेटतात. त्यांना ती गाडी स्वतः चालवायला सांगावी.

नवी चेन घेताना काय बघावं?

प्लेटवरचा शिक्का वाचा. बीएल ६३४ असं लिहिलं असेल तर ६ म्हणजे पिच सहा-अष्टमांश इंच, अर्थात पाऊण इंच, आणि ३४ म्हणजे प्लेटांची रचना तीनला चार : एका ओळीत तीन, पुढच्या ओळीत चार. प्लेटा मोजून हे पडताळता येतं. एएल मालिकेची चेन पिचला तीच असते, पण प्लेटा पातळ आणि ताकद कमी. ती बीएलच्या जागी घातली जाणं, हाच धोका आहे. शिक्का नसलेली चेन घेऊ नका, आणि उत्पादकाचं टेस्ट सर्टिफिकेट मागून घ्या. पिच इतके, पिना इतक्या अशी मोजूनच ऑर्डर द्या. "तीन टनाच्या गाडीची द्या" असं सांगितलं की दुकानदार त्याच्याकडे असेल ती देतो.

किती दिवसांनी तपासायची?

शिफ्ट सुरू होताना ऑपरेटरने एक नजर टाकायची : ओढ सारखी आहे का, काही बाहेर आलंय का, स्प्लिट पिना जागेवर आहेत का. ऑइल आणि मोजमापाचे तास मॅन्युअलमध्ये दिलेले असतात. एका शिफ्टच्या कोरड्या गोडाऊनमध्ये तीन महिन्यांतून एकदा मोजणं मला पुरेसं वाटतं. फाउंड्री, सिमेंट, मीठ, मासळी, खतं, प्लेटिंग शॉप असेल तर दर महिन्याला. फाउंड्रीत गरम कास्टिंगच्या धगीजवळ चेन राहत असेल तर तिचा कडकपणा उतरू शकतो. तिथे नुसती लांबी मोजून भागत नाही. बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये आत-बाहेर जाणाऱ्या गाडीच्या चेनवर दर फेरीला दव धरतं, म्हणून तिथे ऑइलची पाळी लवकर येते.

कायद्याने काय बंधन घातलं?

कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम २९ ने उचल यंत्रं, साखळ्या आणि दोर यांची १२ महिन्यांतून निदान एकदा सक्षम व्यक्तीकडून सखोल तपासणी आणि तिची नोंदवही सांगितली. कारखान्यांमध्ये वार्षिक तपासणीची शिस्त आली ती यातून. तपासणीला येणाऱ्या माणसाला तुमची मोजमापाची वही दाखवा. त्याला एका दिवसाची चेन दिसते. वहीत तिचं वर्ष दिसतं.

बदललेल्या जुन्या चेनचं काय करायचं?

गॅस कटरने तीन-चार तुकडे करून मगच भंगारात द्या. अख्खी चेन भंगारात गेली की ती रॉकेलने धुऊन, ऑइल पुसून पुन्हा विकली जाऊ शकते. शेडमध्ये पडून राहिली तर कुणीतरी तिने मोटर उचलतो किंवा बंद पडलेला ट्रक ओढतो. तुकडे करण्याआधी सर्वांत झिजलेल्या भागातला एक सांधा उघडून पिन बाहेर काढा आणि ऑपरेटर आणि फिटर दोघांच्याही हातात द्या. पिनेला पडलेली पायरी अंगठ्याला लागते.